पाणी कोणाला आपलेसे करते?

आजचा प्रयोग स्वयंपाकघरातच करायचा आहे. आईची परवानगी घ्या आणि काचेचे चार पेले मांडा. प्रत्येकात अर्धा पेला पाणी ओता. पहिल्यात चमचाभर मीठ टाका, दुसऱ्यात चमचाभर साखर, तिसऱ्यात चमचाभर गोडेतेल आणि चौथ्यात चिमूटभर हळद. चारही पेले चांगले ढवळा आणि पंधरा-वीस मिनिटे हात न लावता ठेवून द्या.

काय दिसते? मीठ दिसेनासे झाले. साखरही दिसेनाशी झाली. तेल मात्र पुन्हा वर येऊन तरंगू लागले. हळद बरीचशी तळाशी बसली आणि वरच्या पाण्याला फिकट पिवळेपणा तेवढा आला.

आता दोन लहान वाट्यांत थोडे थोडे तेल घ्या. एकीत मीठ टाका, दुसरीत हळद. येथे उलटाच प्रकार दिसेल. मिठाचे कण तेलात कितीही ढवळले तरी कचकचीत राहतील. हळदीने मात्र तेल पिवळेधमक होईल. फोडणीत हळद तेलात टाकली की भाजीला सुरेख रंग येतो, तो याचमुळे.

म्हणजे पाण्याची एक आवडनिवड आहे आणि तेलाची दुसरी. ही आवडनिवड कशावरून ठरते? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर फार दूरवर जाते. शरीरात कोणते जीवनसत्त्व साठते, औषधाच्या गोळीवर ‘हायड्रोक्लोराइड’ असा शब्द का छापलेला असतो आणि मीठ-साखरेच्या पाण्याने मरणाच्या दारातला रोगी परत कसा येतो, या सगळ्यांची किल्ली या चार पेल्यांत आहे.

पाण्याचा वाकडा रेणू

पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन अणू असतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दोन अणूंमधला बंध म्हणजे त्यांनी भागीदारीत घेतलेली इलेक्ट्रॉनांची जोडी. पण ही भागीदारी सारखी नसते. ऑक्सिजन हा मोठा ओढणारा गडी आहे. रस्सीखेचीत बलवान गडी दोर आपल्याकडे खेचतो, तसा तो इलेक्ट्रॉन आपल्याकडे थोडे अधिक खेचून घेतो. इलेक्ट्रॉनावर ऋण विद्युत्‌भार असतो. म्हणून ऑक्सिजनच्या बाजूला थोडा ऋणभार गोळा होतो आणि हायड्रोजनच्या बाजूला थोडा धनभार उरतो.

आता रेणूचा आकार पाहा. पाण्याचे तीन अणू सरळ रेषेत नसतात. ऑक्सिजन मध्ये आणि दोन हायड्रोजन त्याच्या एकाच अंगाला, सुमारे १०४.५ अंशांचा कोन करून बसलेले असतात. त्यामुळे संपूर्ण रेणूलाच एक ऋण टोक आणि एक धन टोक येते. जसे लोहचुंबकाला उत्तर आणि दक्षिण ध्रुव, तसे पाण्याच्या रेणूला विद्युत्‌भाराचे दोन ध्रुव. अशा रेणूला ध्रुवीय रेणू म्हणतात.

आकाराला इतके महत्त्व का? कार्बन डाय-ऑक्साइड घ्या. त्यातही ऑक्सिजन इलेक्ट्रॉन खेचतोच. पण तेथे कार्बन मधोमध आणि दोन ऑक्सिजन त्याच्या दोन विरुद्ध बाजूंना, अगदी सरळ रेषेत असतात. एका गाडीला पुढे एक आणि मागे एक असे सारख्या ताकदीचे बैल जुंपले, तर गाडी जागची हलेल काय? तसेच येथे होते. दोन्ही ओढी एकमेकींना मारून टाकतात आणि रेणू एकंदरीत अध्रुवीय राहतो. सोडावॉटरच्या बाटलीत हा वायू भरपूर विरघळवायचा तर दाबाखाली कोंडावा लागतो आणि झाकण उघडताच तो फसफसत बाहेर पडतो.

रेणूंच्या या ध्रुवीयपणाचा पद्धतशीर विचार पीटर डीबाय या शास्त्रज्ञाने १९१२ साली मांडला. या विषयातील कामाबद्दल त्याला १९३६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाण्याचे रेणू एकमेकांशीही बांधलेले असतात. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. या ओढीला हायड्रोजन बंध म्हणतात. एक रेणू अशा चार शेजाऱ्यांचे हात धरू शकतो. हे बंध सतत तुटत असतात आणि नव्याने जुळत असतात. पाणी म्हणजे जणू हातात हात घालून फेर धरणाऱ्या रेणूंची प्रचंड गर्दी. या गर्दीत एखाद्या पाहुण्याला शिरायचे असेल, तर त्याच्याजवळही धरण्याजोगा हात हवा.

मिठाचा किल्ला कसा पडतो?

मिठाच्या स्फटिकात सोडियमचे धनभारित आणि क्लोरिनचे ऋणभारित कण एकाआड एक रचलेले असतात. अशा भारित कणांना आयन म्हणतात. विरुद्ध भारांची ओढ इतकी जबर असते की हा किल्ला नुसत्या उष्णतेने मोडायचा, म्हणजे मीठ वितळवायचे, तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागते. आणि तोच किल्ला पेलाभर साधे पाणी दोन मिनिटांत पाडते. हे कसे?

पाण्याचे रेणू स्फटिकाला चहूबाजूंनी वेढा घालतात. सोडियमच्या धन आयनाकडे ते आपले ऑक्सिजनचे टोक वळवतात, तर क्लोरिनच्या ऋण आयनाकडे हायड्रोजनचे टोक. एकट्या रेणूची ओढ मोठी नसते, पण अनेक रेणू मिळून एकेक आयन स्फटिकाच्या कोपऱ्यावरून उचकटून काढतात आणि लगेच त्याच्याभोवती कडे करतात. एका सोडियम आयनाभोवती लगटून पाण्याचे साधारण पाच-सहा रेणू असतात. शिवाय दोन विरुद्ध भारांमधील ओढ पाण्यात जवळजवळ ऐंशीपट कमी होते. त्यामुळे सुटलेले आयन पुन्हा एकमेकांना चिकटत नाहीत. अशा रीतीने नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते.

विरघळलेल्या मिठाचे खरोखरच सुटे आयन होतात याचा पुरावा हवा? टॉर्चचे तीन सेल एकापुढे एक जोडा आणि त्यांच्याशी तारांनी एक लहान लाल एल.ई.डी. दिवा जोडा. परिपथात एका जागी तार तोडून तिची दोन्ही उघडी टोके मिठाच्या पाण्यात जवळजवळ, पण एकमेकांना टेकू न देता बुडवा. दिवा लागेल. लागला नाही तर दिव्याची टोके उलट जोडून पाहा. तीच टोके धुऊन साखरेच्या पाण्यात बुडवा. दिवा लागणार नाही किंवा अगदी मंद लागेल, कारण नळाच्या पाण्यातच थोडे क्षार असतात. या प्रयोगासाठी घरातील विजेच्या बटणाला चुकूनही हात लावायचा नाही. काम फक्त टॉर्चच्या सेलवर करायचे.

मिठासारखे पदार्थ पाण्यात विरघळताच त्यांचे भारित तुकडे होतात, हे स्वीडनच्या स्वान्ते अर्‍हेनियस याने १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडले तेव्हा त्याच्या परीक्षकांना ते फारसे पटले नाही. प्रबंध कसाबसा उत्तीर्ण झाला. पण पुढे याच कल्पनेसाठी त्याला १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले!

साखरेजवळ भार नाही, मग ती का विरघळते?

साखरेच्या पाण्यात दिवा लागला नाही, म्हणजे तेथे आयन नाहीत. साखरेचा रेणू तुटत नाही, अख्खाच पाण्यात जातो. मग पाणी त्याला आपल्यात का घेते?

साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या आठ जोड्या ठिकठिकाणी लटकलेल्या असतात. त्यांना हायड्रॉक्सिल गट म्हणतात. पाण्याच्या रेणूत असते तशीच असमान भागीदारी या गटात असते, म्हणून त्यालाही धन आणि ऋण टोके असतात. पाण्याच्या दृष्टीने साखरेचा रेणू म्हणजे आठ हातांचा पाहुणा. फेरातल्या रेणूंना त्याचा हात धरायला काहीच अडचण येत नाही. म्हणून १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर मावते. पाण्याच्या दुप्पट! जिलबीचा पाक इतका दाट का होऊ शकतो, ते आता कळले ना?

तेव्हा पाण्यात शिरण्याचे दोन परवाने आहेत. एक म्हणजे मिठासारखा पुरा विद्युत्‌भार आणि दुसरा म्हणजे साखरेसारखी ध्रुवीय टोके.

पण परवाना असला तरी तो सामानाच्या मानाने पुरेसा हवा. अल्कोहोलांचे कुटुंब पाहा. या प्रत्येकाजवळ एकच हायड्रॉक्सिल गट असतो आणि त्यामागे कार्बनची शेपटी. कार्बन आणि हायड्रोजन इलेक्ट्रॉन जवळजवळ सारखे वाटून घेतात, म्हणून ही शेपटी अध्रुवीय असते. एक, दोन किंवा तीन कार्बनांची शेपटी असेल तर अल्कोहोल पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळते. सरळ साखळीत चार कार्बन झाले की १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ७ ग्रॅमच विरघळते. सहा कार्बन झाले की अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. हात तोच, पण मागची शेपटी लांबत गेली आणि पाण्याला ते ओझे पेलवेनासे झाले.

तेल वेगळे का राहते?

गोडेतेलाच्या रेणूला तीन लांब शेपट्या असतात. एकेका शेपटीत बहुधा सोळा-अठरा कार्बन असतात. ध्रुवीय भाग आहे, पण तो या शेपट्यांच्या मानाने अगदीच तोकडा. पाण्याच्या फेरात शिरला तर हा पाहुणा कोणाचाच हात धरू शकत नाही. उलट, त्याच्याभोवती उभ्या राहिलेल्या पाण्याच्या रेणूंना आपापले हात टिकवण्यासाठी अवघडून उभे राहावे लागते. त्यांचे स्वातंत्र्य कमी होते.

येथे एक गैरसमज दूर करू. तेल आणि पाणी यांचे वैर असते, असे आपण म्हणतो. खरे तर त्यांच्यात थोडी ओढ असतेच. पण पाण्याच्या रेणूंची एकमेकांशी असलेली ओढ तिच्याहून कितीतरी अधिक असते. तेलाचे थेंब एकत्र आले की पाण्याशी येणारा त्यांचा पृष्ठभाग कमी होतो आणि अवघडून उभे राहणारे पाण्याचे रेणू मोकळे होतात. तेल बाहेर पडते, ते त्याचा कोणी द्वेष करतो म्हणून नव्हे, तर फेर पुन्हा जुळतो म्हणून.

मग तेलकट थाळी साबणाने कशी निघते? साबणाच्या रेणूला तेलासारखी एक लांब शेपटी आणि टोकाला ऋणभाराचे डोके असते. शेपट्या तेलाच्या थेंबात रुततात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात आणि पाणी त्या डोक्यांना धरून थेंबच उचलून नेते. दोन्ही घरांत नाते असलेला हा मध्यस्थ आहे.

जीवनसत्त्वांचीही अशीच दोन घरे आहेत. लिंबू-आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्वाच्या लहानशा रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची दाटी असते. ते पाण्यात विरघळते आणि जास्त झाले तर मूत्रावाटे निघून जाते. म्हणूनच ते रोजच्या आहारात असावे लागते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या लांब रेणूला मात्र टोकाशी एकच हायड्रॉक्सिल गट. ते स्निग्ध पदार्थांत विरघळते आणि यकृतात साठते. म्हणून डॉक्टरांना न विचारता त्याच्या गोळ्या अधिक घेणे अपायकारक ठरते. गाजरात असलेल्या ज्या पिवळ्या-नारिंगी द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते, तेही तेलाच्याच घरचे. गाजराच्या कोशिंबिरीवर तेलाची फोडणी घालण्याची आपली रीत अशी शास्त्राला धरून आहे.

भार आहे, तरी विरघळत नाही!

आता तुम्ही म्हणाल, “भार असला की पाणी आपलेसे करते, तर मग शिंपले समुद्रात का विरघळून जात नाहीत? ते तर कॅल्शियम कार्बोनेटचे. त्यातही आयनच असतात.”

शंका अगदी रास्त आहे. विरघळणे ही दोन ओढींची झुंज आहे. एकीकडे पाणी आयनाला आपल्याकडे ओढते, दुसरीकडे स्फटिकातील शेजारी आयन त्याला धरून ठेवतात. मिठात दोन्ही आयनांवर एकेकच भार असतो. कॅल्शियम कार्बोनेटात मात्र दोन्हींवर दुहेरी भार असतो. दोन दुणे चार या हिशेबाने, अंतर सारखे धरले, तर त्यांची परस्परओढ चौपट होते. पाण्याचीही ओढ वाढते, पण या झुंजीत ते मागे पडते. त्यामुळे नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम शुद्ध पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम विरघळते. म्हणून शहाबादी फरशी वर्षानुवर्षे पाणी अंगावर घेऊनही टिकते. मूत्रपिंडातील खड्यांत नेहमी सापडणारे कॅल्शियम ऑक्झलेटही याच जातीचे, दोन्हीकडे दुहेरी भार असलेले.

याचा अर्थ दुहेरी भाराचे सगळेच क्षार अविद्राव्य असतात असे नाही. आयनांचा आकार आणि स्फटिकाची रचना यांवरही पुष्कळ अवलंबून असते. पण झुंज कशा-कशात आहे, हे लक्षात ठेवले की कोडे निम्मे सुटते.

भार द्या आणि विरघळवा

आपला चौथा पेला आठवतो ना? हळदीचा? त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाका आणि ढवळा. पाणी एकदम तांबडे-तपकिरी होईल आणि रंगही पाण्यात अधिक उतरेल. हळदीतील रंगद्रव्याचे नाव कुर्कुमिन. त्याच्या मोठ्या रेणूवर मोजकेच हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणून साध्या पाण्यात ते फारसे उतरत नाही. सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ त्या गटांतला हायड्रोजन धन आयनाच्या रूपाने काढून घेतो. मागे उरतो तो ऋणभारित कण. भार आला, परवाना मिळाला! आता त्यात लिंबू पिळा. बुडबुडे येतील आणि रंग पुन्हा पिवळा होईल, कारण आम्लाने हायड्रोजन परत दिला आणि भार गेला. कपड्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो, तोही असाच.

हीच युक्ती कारखान्यांत वापरतात. सरबताच्या किंवा सॉसच्या बाटलीवर ‘सोडियम बेंझोएट’ असे छापलेले तुम्ही वाचले असेल. पदार्थ टिकवण्याचे काम मुळात बेंझॉइक ॲसिड करते, पण ते लिटरभर पाण्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम विरघळते. त्यातला एक हायड्रोजन काढून त्या जागी सोडियम आणला की त्याचा क्षार होतो आणि हा क्षार लिटरभर पाण्यात अर्ध्या किलोहून अधिक विरघळतो. रेणूचा सांगाडा तोच. फरक फक्त एका भाराचा!

औषधांचेही असेच आहे. औषधाचा रेणू पुष्कळदा मोठा आणि तेलकट स्वभावाचा असतो. तो पोटातल्या पाण्यात विरघळला नाही तर रक्तात जाणार कसा? म्हणून औषध आम्लधर्मी असेल तर त्याचा सोडियम क्षार बनवतात आणि अल्कधर्मी असेल तर त्याला आम्लाचा हायड्रोजन आयन देऊन ‘हायड्रोक्लोराइड’ बनवतात. घरात पडलेल्या औषधांच्या वेष्टनांवरची नावे वाचून पाहा. डायक्लोफिनॅक सोडियम, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, सेटिरिझिन हायड्रोक्लोराइड अशी नावे सापडतील. नावे फक्त वाचायची, गोळ्यांना हात लावायचा नाही!

पेशीचे तेलकट कुंपण

आपल्या शरीराचा अर्ध्याहून अधिक भाग पाणीच आहे. मग आपण पावसात भिजलो की विरघळून का जात नाही? कारण प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट कुंपण असते. त्याला पेशीपटल म्हणतात. साबणासारखेच, पण प्रत्येकी दोन शेपट्या असलेले रेणू दोन थरांत उभे राहून हे पटल बनते. डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडे आणि शेपट्या मध्ये लपलेल्या. त्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दोन लाखाव्या भागाइतकी असते, पण तेवढ्याने काम भागते.

यातून एक नवीच अडचण उभी राहते. पाण्यात शिरण्याचा जो परवाना, तोच तेलात शिरण्याची बंदी! सोडियम आयन पाण्यात सुखाने राहतो, पण पाण्याचे कडे सोडून तेलकट पटलातून पलीकडे जाणे त्याला जवळजवळ अशक्य असते. ग्लुकोजचेही तसेच. म्हणून पेशीपटलात प्रथिनांची खास दारे असतात. लहान आतड्याच्या पेशींत असलेले एक दार मोठे मजेदार आहे. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे त्रिकूट जमले तरच त्यांना आत घेते. सोडियम आणि ग्लुकोज असे जोडीने आत जातात, ही कल्पना रॉबर्ट क्रेन याने १९६० साली प्राग येथील एका परिषदेत मांडली. आणि हे दोघे आत गेले की त्यांच्यामागोमाग पाणीही आत ओढले जाते.

बनगावची पिंपे

या शोधाचे मोल पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत कळले. पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात. त्यामुळे आतड्यातून क्षार आणि पाणी यांचा लोंढा सुरू होतो. तीव्र रोगात मोठ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जाऊ शकते. रोगी प्रत्यक्षात दगावतो तो शरीर कोरडे पडल्यामुळे. नुसते पाणी पाजून भागत नाही, कारण ते आतड्यात नीट शोषले जात नाही आणि गेलेले क्षारही भरून निघत नाहीत. पण या रोगातही सोडियम-ग्लुकोजचे ते जोडदार शाबूत असते!

कोलकात्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडाने द्यायच्या अशा द्रावणाचा अनुभव १९५३ सालीच प्रसिद्ध केला होता. ढाक्यात डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी १९६८ साली ग्लुकोज-क्षारांच्या द्रावणाचे यशस्वी प्रयोग केले. तरीही सलाईनशिवाय उपचार नाही, असेच बहुतेक डॉक्टर मानत.

१९७१ साली बांगलादेशच्या युद्धामुळे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे डॉ. दिलीप महालनोबीस काम करत होते. रुग्णालयात जमिनीवरसुद्धा रोगी दाटीने पडलेले होते आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा त्यांनी धाडसी निर्णय घेतला. लिटरभर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पॉलिथिनच्या पिशव्यांत भरून आणले, पिंपांतल्या पाण्यात विरघळवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितले, की पेल्याने हे पाजत राहा. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. या उपचाराने ते ३.६ टक्क्यांवर आले.

आज या द्रावणाला ओ.आर.एस. किंवा जलसंजीवनी म्हणतात. त्याने जगभर कोट्यवधी माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे प्राण वाचवले आहेत. डॉ. महालनोबीस यांचे २०२२ साली निधन झाले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या सूत्राप्रमाणे लिटरभर पाण्याच्या पुडीत ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम असते. ही यादी आता तुम्हाला वेगळीच दिसेल. तीन पदार्थ आयनांचे, एक हायड्रॉक्सिल गटांचा. एकूण साडेवीस ग्रॅम, आणि सगळे पाण्याच्या घरचे.

पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालतात. आतड्यात साखरेपासून ग्लुकोज सुटते आणि जोडदार उघडते. पण माप चुकवू नका. साखर फार झाली तर दाट द्रावण उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते आणि मीठ फार झाले तर तेही घातक ठरते. पुडीवर जितके पाणी लिहिले असेल तितकेच घ्यावे. रोगी मलूल झाला, डोळे खोल गेले किंवा पाजलेले पोटात राहत नसेल, तर पाजणे चालू ठेवून त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

आता तुम्हीच सांगा

शेवटी तीन कोडी देतो. उत्तरे या लेखातच लपलेली आहेत.

१. पायाला लागलेले डांबर पाण्याने निघत नाही, पण रॉकेलने किंवा खोबरेल तेलाने निघते. का?

२. मिरचीचा तिखट पदार्थ तेलात विरघळणारा आहे. मग तोंड पोळल्यावर पाण्यापेक्षा सायीच्या दुधाने अधिक बरे का वाटते?

३. व्हिनेगरमधील ॲसिटिक ॲसिड आणि मेणबत्तीत वापरतात ते स्टिअरिक ॲसिड या दोघांच्या टोकाला एकच गट असतो. पहिले पाण्यात हवे तितके मिसळते, दुसरे जवळजवळ विरघळतच नाही. त्यांच्या शेपट्या किती लांब आहेत, ते रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाहा आणि उत्तर वर्गात बाईंना किंवा सरांना सांगा.